आतली शिवण

'ताई, 12व्या वर्षापासून घोड्यावर बसतेय, आता 47ची आहे. घोड्यांची चित्रं छापलेल्या उशा, मग, स्कार्फ असा डिझाइनचा व्यवसाय काढायचाय. नाव ठरलंय, लोगोचे सहा नमुने तयार आहेत. नवरा म्हणतो, छंद तो छंदच राहू दे. तसं पागेतल्या बायकांच्या ब्रीचेसची, म्हणजे स्वारीच्या विजारींची, गुडघ्याकडची शिवण उसवून, बाजूला सरकवून देते, पण ते आपलं असंच. धीर कसा गोळा करू?
– रिकिबीत एक पाय'

'ते आपलं असंच'? अहो, अख्ख्या पत्रात तेवढं एकच वाक्य कामाचं, आणि तेच तुम्ही लोगोंखाली गाडून टाकलंत! उशा नि मग म्हणजे निव्वळ खोगीरभरती. घोड्याचं चित्र कुणीही छापतं, त्यासाठी 35 वर्षं खोगिरात काढावी लागत नाहीत.

त्या शिवणीचं बोलू. दुडक्या चालीत स्वार एका ठेक्याला उठतो, दुसऱ्याला बसतो. गुडघ्याची आतली बाजू खोगिराला घासत राहते. जाड शिवण नेमकी तिथे आली की कातडं सोलवटतं, आणि घरी अंघोळीचं पाणी पडल्यावर जी कळ उठते ती तुम्हाला मी काय सांगणार! जुन्या जोधपुरी विजारी मांडीशी फुगलेल्या असत, त्या काही ऐटीसाठी नव्हे. कापड ताणायचं नाही, म्हणून गुडघा वाकायला जागा ठेवलेली. ताणणारं कापड आलं आणि फुगा गेला. आज महागड्या पिशव्यांसाठी मिरवणारी हर्मेस कंपनीसुद्धा 1837 साली पॅरिसमध्ये घोड्यांचा साज शिवायला बसली होती. मिरवायच्या पिशव्या कितीतरी नंतर आल्या.

नवऱ्याला तुम्ही दाखवलंत काय? सहा लोगो. मीही तेच म्हटलं असतं.

आणि हे सगळं फुकट करून देता ना? लिहिलं नाहीत, पण कळलं. तुमचं घोडं धीरापाशी नाही, मजुरीपाशी अडलंय. पुढची ब्रीचेस हातात आली की उसवायच्या आधी मजुरी सांगा. सांगताना हसायचं नाही, 'द्या काहीही' म्हणायचं नाही, आकडा सांगून गप्प बसायचं. ती मैत्रीण असली तरी. मैत्रीण असली तर आधी.

पैसे मोजून जी पुन्हा दुसरी जोडी घेऊन येईल, ती काय म्हणाली ते मला कळवा. लोगो पाठवू नका.