रोज बायबल वाचतो, पण ऐन वेळी एकही वचन आठवत नाही. मनन नेमकं करायचं कसं?

वाचन आणि मनन यांत मोठा फरक आहे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा माणूस येतो. तिथला मूळ हिब्रू शब्द ‘हागा’, म्हणजे पुटपुटणं. यशया या पुस्तकात (३१:४) शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहालाही हाच शब्द आहे! थोडक्यात, डोळे मिटून गप्प बसणं नव्हे, तर ओळ तोंडात घोळवणं.

मी पूर्वी रोज तीन अध्याय उरकायचो आणि संध्याकाळी पाटी कोरी. आता स्तोत्र ११९ घेतलंय: १७६ वचनं, आठ-आठची २२ कडवी, रोज एकच कडवं. त्यातली एक ओळ चहा उकळेपर्यंत मोठ्याने, मग बसमध्ये मनातल्या मनात, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन. १०५ व्या वचनातल्या (‘तुझं वचन माझ्या पावलांसाठी दिवा आहे’) ‘पावलां’पाशी तर मी दोन दिवस अडकलो होतो.

ऐन वेळेचं म्हणाल, तर अरण्यात सैतानाने तीनदा मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही उत्तरं बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ६ व्या आणि ८ व्या अध्यायांतूनच दिली. हाताशी शास्त्राची गुंडाळी नव्हती, वचन ओठांवर होतं.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन कडवी कोंबू नका. राहिलं तिथूनच पुढे.