घरातल्या अनंताची पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात. कोणतं खत घालू?

तूर्त कुठलंच नको. तुम्ही लिहिलंय की खिडकीतल्या अनंताला दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत) देता, कळ्यांसाठी मध्ये ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद भरपूर असलेलं) पण दिलंत, तरी शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. उत्तर या शिरांमध्येच आहे.

नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला पुरवतं, त्यामुळे आधी खालची पानं पिवळी होतात. नत्राच्या कमतरतेत सबंध पान फिकं पडतं, मॅग्नेशियमच्या कमतरतेत शिरांमधला भाग. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची टंचाई कोवळ्या पानांवर दिसते. तुमची लक्षणं लोहाची आहेत. एप्सम सॉल्टच्या नादी लागू नका, त्यात मॅग्नेशियम असतं, लोह नाही. हल्ली झाडाला शिंक आली तरी लोक तेच सुचवतात.

कुंडीत लोह बहुतेक असतंच, मुळांना ते घेता येत नाही. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण ५ ते ६.५. बोअरवेलचं जड पाणी महिनोन्‌महिने घातलं की सामू चढतो आणि लोह विरघळेनासं होतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय का बघा. शिवाय ०:५२:३४ मधलं जादा स्फुरदही लोह अडवतं. राख किंवा अंड्याची टरफलं घालत असाल तर तीही थांबवा.

पण आधी झाड अलगद उपसून मुळं बघा. काळी, मऊ, कुबट वासाची असतील तर पाणी जास्त होतंय, मग लोह घालून काही होणार नाही. कुजकी मुळं छाटून नव्या, भुसभुशीत मिश्रणात लावा.

मुळं पांढरी, टणक निघाली तर कुंडीच्या दुप्पट पावसाचं किंवा आरओचं पाणी सावकाश ओतून खालून निथळू द्या. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) मिळतं. त्यातलं ईडीटीए प्रकारचं फवारणीला घ्या: लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी, भिंतीपासून दूर, डाग पडतात. मातीत घालायला मात्र ईडीडीएचए प्रकारचंच मागा, चढलेल्या सामूतही ते टिकतं. पाण्यात टाकल्यावर लालसर रंग येतो, घाबरू नका. हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त पडतो, पण अशा मातीत लवकरच निकामी होतो.

कळ्यांचं म्हणाल तर उजेड कमी पडणं, एसीचा झोत आणि कळ्या धरल्यावर कुंडीची हलवाहलव, या तिन्हींनी त्या गळतात, आणि त्यावर खताचा उपाय नाही.

नवी पालवी हिरवी आली की १९:१९:१९ पुन्हा सुरू करा: लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून दोनदा, आधी माती ओली करून.