नव्याने आणलेल्या मिनिएचर घोड्या गाभण आहेत का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून तीन मिनिएचर घोड्या आणून गुहागरजवळच्या होमस्टेवर ठेवल्यात. विकणारा म्हणाला, ‘एखादी गाभण असेलही.’ आता एप्रिल संपत आला, तिघींची पोटं गरगरीत दिसतायत, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘हात घालून तपासता येणार नाही’ म्हणून सांगितलं.

डॉक्टरांनी हात घातला नाही हे उत्तमच केलं. गाईच्या सवयीने ८०-९० किलोच्या घोडीच्या गुदद्वारात हात घालायला गेलं तर आतडं फाटतं, आणि ते फाटलं की घोडी सहसा वाचत नाही. बारीक हाताचे डॉक्टर, किंवा दांडीला बसवलेला सोनोग्राफीचा प्रोब, असं करून काही ठिकाणी आतून तपासतात. पण तुमच्या बाबतीत त्याची गरजच नाही. का, ते कॅलेंडरवरून कळेल.

तुमच्याकडे आल्यापासून त्यांना नर लागलेला नसेल, तर ज्या घोड्या गाभण आहेत त्या आज किमान चार महिन्यांच्या आहेत. त्याहून कमी दिवसांची कुणीच असू शकत नाही. घोडीचा गाभणकाळ साधारण ३४० दिवसांचा. मिनिएचर बऱ्याचदा दोनेक आठवडे आधी वितात. म्हणजे शेवटची शक्य तारीख नोव्हेंबरअखेर, फार तर डिसेंबरचा पहिला आठवडा. लवकरात लवकर कधी, हे मात्र सांगता येत नाही. बाजारात आली तेव्हा सात महिन्यांची गाभण असलेली घोडी या घडीलाही विऊ शकते. ही सगळी आकडेमोड ‘नर लागला नाही’ या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती नीट तपासा. वर्ष-सव्वा वर्षाचं शिंगरूसुद्धा घोडी फळवू शकतं, ‘ते तर बाळ आहे’ म्हणून सोडून देऊ नका. किनाऱ्यावर फेऱ्या मारणारी तट्टं सगळीच खच्ची केलेली नसतात. आणि शेजाऱ्याकडे गाढव असेल तर तोही नरच.

गाढवाचा मुद्दा उगाच काढला नाही. घोडीच्या रक्तात साधारण ४० ते १२० दिवसांच्या दरम्यान ईसीजी (इक्वाइन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन) नावाचं गाभणपणाचं संप्रेरक सापडतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्यासाठी एलायझा किटही तयार केलं आहे. पोटात खेचर असेल तर हे संप्रेरक फारच कमी बनतं आणि लवकर नाहीसं होतं, त्यामुळे चाचणी खोटं ‘नाही’ सांगते. उलट ३५ दिवसांनंतर गर्भ आतल्या आत मेला तरी ईसीजी बरेच दिवस रक्तात राहतं आणि चाचणी खोटं ‘हो’ सांगते. तुमच्या घोड्यांसाठी ही खिडकी तशीही बंद झाली आहे. आज ईसीजी ‘नाही’ आलं तर त्यावरून काहीही ठरत नाही.

तुमच्या कामाच्या तपासण्या दोन: बाहेरून पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातलं इस्ट्रोन सल्फेट हे संप्रेरक.

सोनोग्राफी आधी करा, कारण ती जागेवरच हो-नाही सांगते. मिनिएचरमध्ये बाहेरून सोनोग्राफी अडीच-तीन महिन्यांपासून जमायला लागते, चार महिन्यांनंतर तर चांगलीच सोपी होते. कुत्र्यांसाठी किंवा शेळ्यांसाठी वापरतात तो ३.५ ते ५ मेगाहर्ट्झचा वाकडा प्रोब पुरतो. घोडी उभीच ठेवायची, डोक्याशी ओळखीचा माणूस. कासेच्या पुढे, जांघेजवळ केस विरळ असतात तिथून सुरुवात करायची. मोठ्या गर्भात प्रोब हळूहळू बेंबीकडे सरकवायचा. केस असतील तर कातरून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत कातडीवर घाम, धूळ, तेलकटपणा यांचा थर बसतो, त्यावर नुसतं जेल लावून चित्र येत नाही. आधी स्पिरिटने घासून पुसायचं, मग जेल. काळ्या पाण्यात हलणारा गर्भ, बरगड्यांच्या पांढऱ्या रेघा, फडफडणारं हृदय दिसलं की विषय संपला.

नुसतं काळं पाणी दिसलं तर थांबा. भरलेलं मूत्राशयही असंच दिसतं. घोडी एकदा मुतू द्या आणि परत बघा. काहीच दिसलं नाही तर त्याला ‘गाभण नाही’ म्हणू नका, ‘दिसलं नाही’ म्हणा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तालुक्याला असं मशीन नसेल तर शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, पण घोड्या तिकडे नेण्याऐवजी डॉक्टर इकडे येतील का ते आधी बघा. पुण्याकडच्या स्टड फार्मवर जाणाऱ्या डॉक्टरांचा हात घोड्यांवर बसलेला असतो. तीन घोड्यांचं एका फेरीत काम होतं आणि शेवटच्या महिन्यांतल्या घोडीला कुंभार्ली घाट चढवावा लागत नाही.

इस्ट्रोन सल्फेट हे जिवंत गर्भ आणि वार मिळून बनवतात, म्हणून गर्भ मेला की ते उतरतं. शंभर दिवसांनंतर ही चाचणी भरवशाची, म्हणजे तुमच्यासाठी अगदी वेळेवर. लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये पाचेक मिलि रक्त, तासभर सावलीत गोठू द्यायचं, सीरम वेगळं करून बर्फावर पाठवायचं. रक्ताची ट्यूबच एसटीच्या पार्सलात टाकून पाठवली की पोचेपर्यंत तांबडं पाणी झालेलं असतं. लॅबला आधी फोन करून ‘घोडीचं इस्ट्रोन सल्फेट करता का’ एवढंच विचारा. माणसांच्या लॅबमधलं एस्ट्राडायोल हा त्याला पर्याय नाही.

प्रोजेस्टेरॉन मात्र माणसांच्या लॅबमध्येही होतं, रेणू तोच असल्यामुळे. इथेच लोक फसतात. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यांत प्रोजेस्टेरॉन फारच कमी आलं तर घोडी गाभण नाही असं म्हणता येतं. जास्त आलं तर ती एकतर गाभण आहे नाहीतर नुसती दोन माजांच्या मध्ये आहे. पण पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर अंडाशयाचं काम वार हातात घेते आणि रक्तातलं खरं प्रोजेस्टेरॉन गाभण घोडीतही खाली येतं. त्या काळात रिपोर्ट कमी आला म्हणून घोडीला रिकामी ठरवणं चुकीचं. तुमच्या घोड्या नेमक्या याच टप्प्यात असू शकतात, म्हणून हा खर्च टाळा.

मेडिकलमधली बायकांची प्रेग्नन्सी पट्टी घोडीला चालत नाही, कारण ती पट्टी शोधते ते संप्रेरक घोडी बनवतच नाही. गाई-म्हशींचं पीएजी किटही तसंच, ते शोधतं ती गाभणपणाची प्रथिनं रवंथ करणाऱ्यांची. मुतात गहू भिजवून किती रुजले ते मोजायची पद्धत गाईंसाठी सांगतात. तिच्यावर तीन घोड्यांचं ठरवू नका.

आता पोटाबद्दल. मिनिएचर घोडीचं पोट बघून अंदाज बांधणं हा वेळेचा अपव्यय आहे. आपल्याकडे वर्षभर भाताचा पेंढा खाल्लेलं प्रत्येक जनावर गाभण दिसतं: पेंढ्यात सत्त्व कमी, तंतू जास्त, आतडं भरून राहतं. त्यात जंत असले तर पोट आणखी सुटतं आणि पाठीचा कणा वर दिसतो. मागून उभं राहून बघितलं तर पेंढ्याचं पोट दोन्ही कुशींना सारखं फुगलेलं असतं, गाभण पोट शेवटच्या दोन-तीन महिन्यांत खाली उतरतं आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकल्यासारखं दिसतं. सात-आठ महिन्यांनंतर सकाळी गार पाणी प्यायल्यावर कुशीत धक्का दिसला तर तो पुरावा मानायला हरकत नाही. धक्का दिसला नाही तर तो पुरावा नव्हे. माजाचंही तसंच. दर २१-२२ दिवसांनी शेपटी वर करून, मायांग उघडझाप करत थोडं थोडं मुतणारी घोडी बहुतेक रिकामी असते, पण काही गाभण घोड्याही तसं करतात.

आणि एक गोष्ट मी ठासून सांगेन: पोट सुटलंय म्हणून खाणं तोडू नका. मिनिएचर आणि लहान तट्टांमध्ये, विशेषतः जाड्या आणि गाभण घोड्यांमध्ये, उपाशी राहिल्यावर अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृत बसतं. याला हायपरलिपीमिया म्हणतात. बाजार, प्रवास, नवी जागा, त्यावर ‘डाएट’, एवढं पुरतं. घोडी एक दिवस जरी खायची थांबली, मान खाली घालून उभी राहिली, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. रक्ताची ट्यूब अर्धा-एक तास उभी ठेवली की वरचं सीरम पिवळसर पारदर्शक हवं. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर रोग सुरू झालाय. तपासणीचा निकाल लागेपर्यंत चांगलं वाळलेलं गवत दिवसभर थोडं थोडं पुढ्यात ठेवा. बुरशी आलेला पेंढा आतबाहेर कुठेच नको. हिरवं म्हणून रोज नेपियर घालत असाल तर ते कमी करा. त्यातलं ऑक्झलेट घोड्याच्या पोटात कॅल्शियम अडवतं.

जंताचं औषध द्यायचं असेल तर आयव्हरमेक्टिन गाभण घोडीला चालतं, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. वजन डोळ्याने ठरवू नका. काजू बी तोलायच्या प्लॅटफॉर्म काट्यावर ही घोडी आरामात उभी राहते. पेस्टची पिचकारी मोठ्या घोड्याच्या मापाची असते, ८५ किलोच्या घोडीला तिच्यातला सहावा-सातवा हिस्साच लागतो. शेळ्यांसाठी घरात पडलेलं अल्बेंडाझोल नको. आणि कुठल्याही दुखण्यावर इंजेक्शन देण्याआधी ‘ही गाभण असू शकते’ हे डॉक्टरांना सांगा. गाईंना माजावर आणायला देतात ते प्रोस्टाग्लँडिन घोडीला गाभडवू शकतं, डेक्सामेथासोनही शेवटच्या महिन्यांत टाळायचं.

सोनोग्राफी होईपर्यंत आणि नंतरही रोज एकदा कास बघा. खांद्याशी उभं राहून हात पोटाखालून मागे न्यायचा, लाथ बसत नाही. जाड्या मिनिएचरच्या कासेपुढे चरबीची गादी असते, तिला लोक कास समजतात. गादी मऊ आणि दिवसभर सारखीच राहते. भरणारी कास टणक लागते आणि दोन भागांमधली खाच हाताला कळते. सुरुवातीला ती रात्रीतून भरते, सकाळी फिरली की उतरते. दिवसभर भरलेलीच राहायला लागली, सड टोकापर्यंत फुगून खाली वळले, शेपटीच्या बुंध्याजवळचं मांस लोण्यासारखं ढिलं झालं, की दिवस भरत आले. सडाच्या टोकाला मेणासारखा थेंब आला तर बहुधा एक-दोन दिवस. पहिलटकरीण यातलं काहीही न दाखवता विऊ शकते.

तारीख माहीत नसलेल्या घोडीत चिकाची चाचणी उपयोगी पडते. रोज संध्याकाळी थेंबभर चीक काढायचा, जास्त नाही. तो शिंगराचा आहे. पीएचची पट्टी ६ ते ७.६ दाखवणारी घ्या. पीएच ७ च्या वर असेल तर झोपा; ६.४ किंवा खाली आला तर रात्र जागायची. पाण्याचा जडपणा मोजायची पट्टी असेल तर एक भाग चिकात सहा भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळून बुडवायची. पाणी पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं तेच. विहिरीचं घातलं तर पट्टी विहिरीचा जडपणा सांगेल.

वितानाचं थोडक्यात. पाण्याची पिशवी फुटल्यापासून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर हवं. मिनिएचरचं शिंगरू कपाळाने घुमटासारखं असतं, त्यामुळे अडण्याचं प्रमाण मोठ्या घोडीपेक्षा जास्त. पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी पुढे आली तर डॉक्टरांची वाट बघायची नाही, तिथेच कापायची. वार आधी सुटली आहे आणि आत श्वास थांबतोय. शिंगरू तासाभरात उभं, दोन तासांत पिणारं, आणि वार तीन तासांत पडलेली हवी. वार राहिली तर ओढू नका, तिला गाठ मारून ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. १९६२ हा सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या, पण आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

पावसात कोणी अवेळी गाभडली तर ते उचलताना हातमोजे घाला. कोकणात लेप्टो (माणसांनाही होणारा लेप्टोस्पायरोसिस) आहे आणि घोडीच्या गर्भपाताचं ते एक कारण आहे. मांगरात पाणी साचत असेल तर जूनच्या आधी जमीन उंच करून घ्या.

ज्या गाभण निघतील त्यांना वितायच्या चार ते सहा आठवडे आधी धनुर्वाताचा बूस्टर द्यायचा. तारीख ठाऊक नसेल तर सोनोग्राफीत डॉक्टर गर्भाच्या मापावरून महिना सांगतील, त्यावरून मोजा. ज्या दोनदा रिकाम्या दिसतील आणि इस्ट्रोन सल्फेटही खाली येईल, त्या वेगळ्या बांधा. वजन त्यांचंच कमी करायचं, तेही महिन्याकाठी दोन-तीन किलो.