थाई खाणावळीत पहिल्यांदा जाताना

बँकॉकच्या गल्लीतल्या छोट्या घरगुती खाणावळीत जाणार असाल तर पॅड थाईवरच (परतलेल्या नूडल्सवरच) अडकू नका. ‘पॅड क्रापाव’ मागवा: तुळशीच्या पानांत, मिरची-लसणावर परतलेला खिमा, गरम भात आणि वर कडा कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. बलक फोडून भातात कालवा. घास चमच्याने घ्यायचा, काटा फक्त अन्न चमच्यात ढकलायला. तिखट सोसत नसेल तर ‘माय फेट’ (तिखट नको) म्हणा. तरी थोडं लागेलच.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘चिकन नको’ म्हणून भागत नाही. कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’ या कोशिंबिरीतही सहसा सुकट आणि फिश सॉस असतो. त्यापेक्षा लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ, म्हणजे शुद्ध शाकाहारी) लिहिलेली पिवळी पाटी शोधा. तिथे कांदा-लसूणही नसतो. आणि सुपातले गवती चहाचे तुकडे बाजूला काढा, ते चावायचे नसतात.