प्लॅन इन्सर्ट केला की अवाढव्य का येतो?

प्रश्न : सर नमस्कार, मी सांगलीत एका कॉन्ट्रॅक्टरकडे ऑटोकॅडचं काम बघतो. सर्व्हेयरने प्लॉटची फाइल दिलीय, आर्किटेक्टकडून बंगल्याचा प्लॅन आलाय, दोन्ही डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्याच फाइली. प्लॉटमध्ये प्लॅन इन्सर्ट केला की तो इतका मोठा येतो की प्लॉट शोधावा लागतो. ऑफिसात कोणी म्हणतं 0.001 ने स्केल कर, कोणी म्हणतं रेफरन्स घे, म्हणजे माहीत असलेल्या मापावरून स्केल कर. शिवाय जुन्या बांधकामाची एक स्कॅन केलेली पीडीएफ आहे, ती कुठल्याच मापात बसत नाही. काय करू?

उत्तर : आधी स्केल कमांडला हातच लावू नका. डीआय (अंतर मोजायची कमांड) एंटर मारून माहीत असलेली एक लांबी मोजा आणि आलेल्या आकड्याला खऱ्या मापाने भागा, बस्स. भागाकार 1000, 304.8, 25.4 किंवा 12 असा ओळखीचा आला तर घोळ युनिटचा आहे, ड्रॉइंग बरोबरच आहे. 1.37 असलं काहीतरी विचित्र आलं तर कागद, स्कॅन किंवा प्रिंटचा घोळ. दोन्हीचा इलाज वेगळा आणि लोक सरसकट रेफरन्स मारत सुटतात.

तुमचं पहिलं दुखणं सरळ युनिटचं दिसतंय, सर्व्हे मीटरमध्ये असतो, आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये काढतो, त्यामुळे 12 मीटरचा बंगला 12000 मीटरचा होऊन बसतो. युनिट्स कमांड देऊन इन्सर्शन स्केलच्या खाली प्लॅनच्या फाइलमध्ये मिलिमीटर आणि प्लॉटच्या फाइलमध्ये मीटर निवडा, दोन्ही सेव्ह करा, आधी घातलेला ब्लॉक, म्हणजे इन्सर्ट केलेला प्लॅन, डिलीट करून पर्ज मारा (फाइलमध्ये उरलेली त्याची प्रत काढायची कमांड) नाहीतर जुनाच परत येईल, मग नव्याने इन्सर्ट करा, आपोआप बसेल. तिथेच वर लेंग्थ टाइप म्हणून जे आहे ते बदलून माप बदलत नाही हां, तो फक्त आकडा दाखवायचा प्रकार आहे. मिलिमीटरच्या फाइलला आर्किटेक्चरल केलंत तर तो एका युनिटला एक इंच धरतो आणि 12 मीटरची भिंत 1000 फूट दिसते. आणि काहीही झालं तरी सर्व्हेची फाइल स्केल करू नका, तिच्यात टोटल स्टेशनचे, म्हणजे सर्व्हेच्या यंत्राने मोजलेले, कोऑर्डिनेट आहेत, ते हलले की पुढे लाइनआउटला, म्हणजे जागेवर आखणी करताना, बोंब.

आता पीडीएफ. एवनचा कागद एथ्रीवर काढला की लांबी निम्मी होते, त्यात प्रिंट काढताना कोणी फिट टू पेपरवर टिक ठेवली असेल तर विषयच संपला. इथे मात्र रेफरन्सच. एससी (स्केल कमांड) एंटर, सगळं सिलेक्ट, बेस पॉइंट, मग आर म्हणजे रेफरन्स, मापाची दोन टोकं क्लिक करा आणि खरी लांबी टाइप करा. टोकं मात्र जितकी लांब मिळतील तितकी घ्या. 900 मिलिमीटरच्या दरवाजावर क्लिक 5 मिलिमीटरने चुकला तर 12 मीटरच्या भिंतीत जवळपास 67 मिलिमीटरचा फरक पडतो, तोच 12 मीटरवर चुकला तर चूक 5 चीच राहते. नंतर आडवं आणि उभं दोन्ही तपासा, झेरॉक्स मशीन कागद एकाच बाजूने ताणतं, तसं झालं असेल तर साध्या स्केलने ते सुटत नाही, साइटवर टेप लावा. सिलेक्ट करायच्या आधी फ्रीज (लपवलेले) आणि लॉक केलेले लेयर, म्हणजे ड्रॉइंगचे थर, उघडायला विसरू नका, ऑल म्हटलं तरी तो ते सोडून देतो आणि मग अर्धं ड्रॉइंग मोठं, अर्धं तसंच. एरिया काढणार असाल तर लांबी निम्मी म्हणजे क्षेत्र पाव, 10 गुंठ्यांचा प्लॉट अडीच गुंठे दिसला की भावाभावांत काय होतं ते सांगलीकरांना मी काय सांगू.

प्रश्न : स्केल करून झालं, डीआय बरोबर येतंय, तरी डायमेन्शन जुनाच आकडा दाखवतंय.

उत्तर : कोणीतरी तो आकडा हाताने टाइप केलेला आहे. डायमेन्शन सिलेक्ट करा, प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइडचा रकाना रिकामा करा, खरं माप परत येईल. रकाना आधीच रिकामा असेल तर डिमएलफॅक (मापाला गुणायचा आकडा) बघा, तो 1 नसला तर डायमेन्शन गुणाकार करून दाखवतंय. आणि पीडीएफमधून आलेली डायमेन्शन असतील तर नाद सोडा, त्या नुसत्या रेषा आणि अक्षरं आहेत, पुसून नवीन द्या.