घरात लायसनचं रिव्हॉल्वर आणि मालकाला न सोडणारा कुत्रा असेल, तर अँब्युलन्सवाले काय करतात?

तुम्ही विचारलंय ते असं: बाबा लष्करातून निवृत्त झालेले, मधुमेह जुना, उशाशी लायसनचं रिव्हॉल्वर आणि घरातला लॅब्राडोर त्यांच्या पायाशीच झोपणारा. रात्री-बेरात्री काही झालं आणि १०८ बोलावली, तर येणारी माणसं त्या रिव्हॉल्वरचं आणि कुत्र्याचं काय करतील? अमेरिकेत कुत्र्याला अँब्युलन्समधून सोबत नेतात असं तुम्ही वाचलंय, ते इथे चालेल का?

मी नागपुरातच १०८ वर डॉक्टर म्हणून काम केलंय. गाडीत आम्ही दोघंच असतो, एक डॉक्टर आणि एक पायलट, म्हणजे गाडी चालवणारा. पोलीस आमच्यासोबत नसतात, हे आधी लक्षात घ्या. रिव्हॉल्वरला आम्ही हात लावत नाही, कुत्र्याला गाडीत घेत नाही, आणि या दोन्हींची सोय आम्ही पोचायच्या आत झालेली असली तर बाबांना उपचार लवकर मिळतात. ती सोय घरच्यांनाच करावी लागते.

तुमच्या बाबांना शुगर आहे म्हणून तिथूनच सुरुवात करतो. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. आधी घाम, थरथर, भूक. आणखी उतरून ५० च्या आसपास आली की मेंदूला साखर पुरत नाही आणि माणूस बरळायला लागतो, चिडतो, अंगावर येतो. आयुष्यात कोणाला अरे-तुरे न केलेली माणसं मी सलाइनची सुई ओढून फेकताना पाहिलीत. शिरेतून ग्लुकोज गेलं की काही मिनिटांत तोच माणूस शांतपणे विचारतो, “तुम्ही कोण जी? काय झालं होतं मले?” मधलं त्यांना काहीही आठवत नाही. अशा अवस्थेत लष्करात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाचा हात सवयीने उशीखाली जाऊ शकतो. समोर बायको आहे की मुलगा की डॉक्टर, हे त्या क्षणी त्याला कळत नसतं. फिट येऊन गेल्यावर, डोक्याला मार लागल्यावर, ऑक्सिजन उतरल्यावर, म्हाताऱ्या माणसाच्या अंगात जंतुसंसर्ग भिनल्यावरही हेच होतं. माणूस सज्जन आहे की नाही याचा इथे काही संबंध नाही.

म्हणून खोलीत शस्त्र आहे असं कळलं की आम्ही दाराबाहेर थांबतो. ११२ वर पोलिसांना कळवायला सांगतो आणि पेशंटच्या हाताच्या टप्प्यात काही नाही याची खात्री झाल्यावरच आत जातो. घरच्यांना याचा राग येतो, “माणूस तिकडे पडलाय अन् तुम्ही बाहेर उभे” असं ऐकावंही लागतं. पण आम्ही दोघं जायबंदी झालो तर तुमच्या बाबांकडे पाहायला दुसरी गाडी यावी लागेल, आणि ती किती लांबून येईल ते त्या रात्रीच्या नशिबावर.

शस्त्र रिकामं का करत नाही, असं पुष्कळ जण विचारतात. कारण रिकामं करतानाच गोळी सुटते. पिस्तुलाचं मॅगझीन काढलं तरी एक गोळी आत चेंबरमध्ये राहू शकते. रिव्हॉल्वरला बहुतेक वेळा सेफ्टीचा खटका नसतोच. काटोल, उमरेड, रामटेककडच्या शेतकऱ्यांकडे रानडुकरांसाठी भरमार बंदुका असतात, त्या तोंडाकडून ठासलेल्या; त्या चटकन रिकाम्या करणं जाणकारालाही जमत नाही. त्यामुळे नियम एकच: प्रत्येक शस्त्र भरलेलं आहे असंच समजायचं.

दुसरं कारण कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना त्या माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नाही. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याने ते शस्त्र जवळ बाळगणं हाच गुन्हा. मी ते खिशात घालून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं तर माझ्यावर, आणि तुम्ही पिशवीत घालून माझ्या मागोमाग आलात तर तुमच्यावर. “बाबांचंच तर आहे” हे कायद्यात बसत नाही. आणि दवाखान्यात ते घेऊन जायचं कारणच काय? ब्राझीलच्या साओ पावलोत २०२३ साली एक वकील आईला एमआरआयसाठी घेऊन गेले. कमरेला पिस्तूल होतं. यंत्राच्या चुंबकाने ते ओढलं, गोळी सुटली, पोटात लागली आणि काही दिवसांनी ते गेले. ते तर पेशंटही नव्हते, नातेवाईक होते.

इतवारीतली एक केस सांगतो, म्हणजे सगळं नीट झालं तर कसं होतं ते कळेल. सराफा गल्ली, गाडी आत जात नाही, आम्ही ईसीजी मशीन आणि बॅग घेऊन पायी. दुकानात गादीवर पन्नाशीचे गृहस्थ, घामाने ओलेचिंब, छातीत कळ. ईसीजीच्या तारा लावायला शर्ट वर केला तर कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल. ते शुद्धीवर होते, म्हणाले, “थांबा, काढून देतो.” मी म्हटलं, “भाऊ, हात छातीवरच ठेवा, तुम्ही काही काढू नका.” पायलटने गर्दी मागे सरकवली. त्यांच्या धाकट्या भावाला सांगितलं की पिस्तूल होल्स्टरमधून बाहेर काढायचं नाही, पट्ट्याचं बक्कल सोडा आणि पट्टा-होल्स्टर अख्खं उचला, तोंड भिंतीकडे. ते तिथल्या तिथे त्यांच्याच तिजोरीत गेलं, त्यांच्या डोळ्यांदेखत कुलूप लागलं, आणि भावाने लगेच पोलीस ठाण्याला फोन केला. शस्त्र मालकाच्या जागेबाहेर गेलं नाही, आमच्या हाती आलं नाही. मी केस पेपरवर वेळ आणि तिजोरीत ठेवल्याची नोंद केली, ईसीजी काढला आणि आम्ही निघालो. तुमच्याकडेही हेच करायचं, फक्त आधी. बाबा शुद्धीवर असताना त्यांच्याच हाताने रिव्हॉल्वर कुलूपबंद कपाटात गेलं पाहिजे. उशाशी नको, ही माझी हात जोडून विनंती आहे.

गोळी सुटली असेल, अपघाताने किंवा कशाही, तर सगळं बदलतं. ती एमएलसी, पोलिसांची केस. शस्त्र पडलंय तिथेच राहू द्या, तिथे पंचनामा होतो. जखमीचे हात धुऊ नका. कपडे आम्ही कापतो तेव्हा गोळीच्या भोकातून कात्री घालत नाही, बाजूने कापतो, आणि ते प्लास्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवायचे असतात, कारण ओलं रक्त प्लास्टिकमध्ये कुजतं. रक्त वाहत असेल तर मात्र पुराव्याचा विचार न करता स्वच्छ कापडाने दाबून धरा. जीव आधी.

आता कुत्रा. खरं सांगायचं तर बंदुकीपेक्षा कुत्र्याने आमचा वेळ कितीतरी जास्त वेळा खाल्लाय. बंदूक क्वचित, कुत्रा रोज. घरचे सांगतात, “काही नाही करत जी तो.” एरवी नसेलही करत. पण मालक जमिनीवर पडलेला, घरात रडारड, आणि दोन अनोळखी माणसं येऊन त्याच्या अंगावर वाकतात, हात पिरगळल्यासारखा धरतात, पट्टे आवळतात. कुत्र्याच्या दृष्टीने हा हल्लाच. त्रिमूर्तीनगरात एकदा असाच लॅब्राडोर आजोबांच्या छातीवर आडवा पडून होता, गुरगुरतही नव्हता, फक्त उठेना. सून ओढायला गेली तर दात दाखवले. शेजारच्या काकू आल्या, त्यांनी दारातूनच बिस्किटाचा पुडा खुळखुळवला आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली, तेव्हा तो उठला. त्याच्यावर ओरडणाऱ्या सगळ्यांपेक्षा त्या काकूंना जास्त कळत होतं.

तुम्ही काय करायचं ते यातच आलं. आम्ही यायच्या आधी त्याला दुसऱ्या खोलीत घाला आणि कडी लावा. नुसतं गळपट्ट्याला धरून उभे राहू नका, सायरन वाजला की सुटतो. गच्चीवर बांधत असाल तर मे महिन्यातलं नागपूर लक्षात ठेवा, ४५ अंशांत आणि त्या तापलेल्या स्लॅबवर कुत्रा तुम्ही परत येईस्तोवर टिकणार नाही. सगळे मेडिकलला धावतात आणि तो तिथेच राहतो, म्हणून एका शेजाऱ्याकडे घराची किल्ली आणि त्याच्या खाण्याची जबाबदारी आत्ताच सोपवून ठेवा. बाबांनाही गाडीत हेच सांगावं लागतं: “कुत्रा शेजाऱ्यांकडे आहे, पाणी दिलंय.” हे ऐकल्यावर धडधडणारी नाडी शांत झालेले पेशंट मी पाहिलेत. आणि धावपळीत कोणाला चावलाच, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी डॉक्टरला दाखवल्याशिवाय राहू नका.

अमेरिकेचं तुम्ही वाचलंत ते खरं, पण ते पाळीव कुत्र्याबद्दल नाही. तिथे अपंगत्व असलेल्या माणसासाठी शिकवलेला कुत्रा, म्हणजे अंधाला वाट दाखवणारा, फिट येणाऱ्याजवळ थांबून मदत करणारा, याला १९९० च्या अपंगत्व कायद्याचं संरक्षण आहे. त्याचं कार्ड मागता येत नाही. कामाचा उलगडा होत नसेल तर दोनच प्रश्न विचारता येतात: हा अपंगत्वामुळे लागतो का, आणि याला कोणतं काम शिकवलंय? असा कुत्रा सहसा अँब्युलन्समधून सोबत जाऊ शकतो. पण गाडीत दाटी असेल आणि उपचाराला अडथळा होत असेल, तर त्याला दुसऱ्या वाहनाने दवाखान्यात पोचवायची व्यवस्था क्रूने करावी, असं तिथलं सरकारी मार्गदर्शन सांगतं. नुसता सोबतीने धीर देणारा कुत्रा या व्याख्येत बसत नाही, म्हणजे तुमचा लॅब्राडोर तिथेही बसला नसता. मला ती पद्धत मनापासून पटते. उद्या नागपुरात एखाद्या अंध माणसासोबत असा कुत्रा असेल, तर तो त्याचे डोळे आहे हे धरूनच आपल्या लोकांनी वागलं पाहिजे. गाडीत जमलं नाही तर मागून ऑटोने तरी तो मालकापर्यंत पोचला पाहिजे. आपल्याकडे असे कुत्रे अगदी मोजके आहेत, म्हणून अशी वेळ येत नाही. आणि कुत्राच आजारी असेल तर १०८ नव्हे, जनावरांसाठी १९६२ आहे, शिवाय सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

फोनवर काय बोलायचं तेही सांगतो. १०८ चा फोन पुण्यात घेतला जातो, समोरच्याला तुमची गल्ली माहीत नसते. पत्ता आणि जवळची खूण झाली की लगेच सांगा: “पेशंट शुगरचे आहेत, बरळताहेत, घरात लायसनचं रिव्हॉल्वर आहे, ते अमुक कपाटात कुलपात आहे, कुत्रा मागच्या खोलीत कोंडलाय.” लोक बंदुकीचं लपवतात, पोलीस मागे लागतील म्हणून. परवाना असेल तर लपवण्यासारखं काही नाही, आणि आम्हाला ते उशी उचलल्यावर कळण्यापेक्षा रस्त्यातच कळलेलं बरं.

बाबांची नजर, हात किंवा मन आता पूर्वीसारखं नसेल, किंवा ते हल्ली गप्प-गप्प, उदास राहत असतील, तर रिव्हॉल्वर घरात ठेवूच नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करता येतं. उदासपणाबद्दल बोलायला १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. परवाना बाबांच्या नावाचा असल्याने जमा करायचं ते त्यांच्या संमतीने, त्यांच्याच सहीने झालेलं चांगलं, म्हणून हे बोलणं त्यांची तब्येत ठीक आहे अशाच एखाद्या दुपारी काढा.