चष्म्याचा नंबर बरोबर असूनही चालताना दुकानांच्या पाट्या हलताना दिसतात. कारण कानात असू शकते का?

होय, डोळे निरोगी असूनही आंतरकर्णातील तोलाची यंत्रणा बिघडल्यास असे दिसू शकते. प्रत्येक कानातील 3 अर्धवर्तुळाकार नलिकांकडून डोके हलल्याची खबर सुमारे 10 मिलिसेकंदांत डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत पोहोचते आणि डोळे तितकेच उलट दिशेला फिरून चित्र स्थिर ठेवतात. ही खबर तुटली की नुसत्या नजरेला तेवढ्या चपळाईने सावरता येत नाही. पुस्तक स्थिर धरून मान भराभर हलवत वाचून पाहा: निरोगी माणसाला अक्षरे वाचता येतात, पण मान स्थिर ठेवून पुस्तक तितक्याच वेगाने हलवले की ती पुसट होतात. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविक (अँटिबायोटिक) औषधाने दोन्ही कानांना इजा झाल्यास हा त्रास विशेष जाणवतो. मात्र एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा बोलणे अडखळू लागले, तर कारण मेंदूत असू शकते. अशा वेळी कृपया तात्काळ रुग्णालय गाठा.